आत्याच्या दारातला दगड

४ मार्च
धावपट्टीशेजारची खोली

आत्या,

पत्राची सुरुवात कशी करायची ते तू मला कितीदा तरी शिकवलंस आणि दरवेळी मी खिडकीबाहेर बघत होतो. तेव्हा नमस्कार इथेच धर आणि पुढे वाच. फोन केला असता, पण फोनवर मी खोटं फार सफाईने बोलतो आणि लिहिताना पकडला जातो, असं तूच म्हणतेस. म्हणून हे कागद.

तुझ्याकडे दोन दिवस राहिलो, पोटभर जेवलो, आणि निघताना कामाचं सांगायचं राहूनच गेलं. बसमध्ये शेजारी एक माणूस मांडीवर घड्याळ घेऊन बसला होता, भिंतीवरचं, लंबकाचं. ते दर धक्क्याला ठण्‌ करायचं. त्याच्या नादात तुझा थांबा कधी मागे पडला कळलंच नाही, नाहीतर परत उतरून सांगायला आलो असतो. असो.

तुमचं गाव खाली चाललंय हे मी तुला सांगायला नको. तुझ्या शिवणाच्या टेबलावरून रिळं घरंगळत त्याच एका कोपऱ्यात जातात, मी स्वतः वाकून वाकून उचलली. पण कचेरीला रिळं दाखवून चालत नाही. तिचं म्हणणं असं, की खालची जुनी खाण बंद पडून जमाना झाला, त्यामुळे जमीन खचतेय हे मापाने दिसलं पाहिजे. दिसलं तर सगळ्यांना माळावर नवी घरं, नाही दिसलं तर आहात तिथे सुखाने राहा. ते माप घ्यायला आमचं विमान येणार. विमान म्हणजे फार काही मनात आणू नकोस. पुढे कॅप्टनबाई, मागे मी, पोटाला एक भोक आणि भोकावर लेझरची पेटी. पेटी खाली प्रकाशाचे ठिपके सोडते, ते जमिनीवर आपटून परत येतात, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून जमीन किती खोल ते कळतं. छापखाना झाला, बोटीवरचं स्वयंपाकघर झालं, तंबू ठोकणाऱ्यांची टोळी झाली, पण इतकं सोपं काम मला आजवर मिळालं नव्हतं. बसायचं आणि पडदा बघायचा.

आता मुद्द्याचं. विमान एवढंच सांगतं, की हे त्याच्यापेक्षा इतकं खाली आणि ते ह्याच्यापेक्षा इतकं वर. त्याला धरायला जमिनीवर एक तरी जागा अशी लागते जिची उंची आधीपासून कागदावर आहे. त्या एका खिळ्याला सगळा नकाशा टांगायचा. आमच्या कंपनीच्या साहेबांनी सांगितलं होतं, खाणीपलीकडच्या कातळावर जा, तिथे जुन्या मोजणीचा पितळी खिळा आहे. पण तो चढ तू बघितलायस ना! आणि इथे तुझ्या दारातच मोजणीचा आयता दगड, डोक्यावर पितळी गोळी, नोंद जुन्या बुकात, शेजारी तुझा चहा. मी दगडाभोवती चुन्याची मोठी फुली मारली आणि साहेबांना कळवलं. ते म्हणाले, नोंद आहे ना? म्हटलं, आहे. मग झालं, म्हणाले.

म्हणजे बघ, ज्या दगडावर तू मला लहानपणी बसू दिलं नाहीस, त्याच्यावर आता अख्खं गाव बसणार आहे.

फुलीवर काही वाळत घालू नकोस. पांढरा रंग वरून लख्ख दिसतो, तो झाकला तर पंचाईत.

तुझा
भिंगरी


१३ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच. दरवेळी लिहून त्यांना पातळ करत नाही.

तुझ्या पत्राच्या मागोमाग तुझं विमान पोचलं. सकाळी दोरीवर चादर टाकत होते तर डोक्यावरून असं काही घरघरत गेलं की मी खालीच बसले. इतक्या खालून उडवतात का रे? तुझ्या कॅप्टनबाईंच्या आईला हे माहीत आहे का?

मग गावभर एकच धावपळ. सगळे गच्चीवर. सलूनवाल्याने तर पहार घेतली आणि भिंतीची भेग हात जाईल एवढी रुंद केली. म्हणे वरून दिसायला हवी. त्याची बायको ओरडतेय, अहो, घर पडेल! तर हा म्हणतो, पडायचंच आहे, निदान मोजून पडू दे. समोरच्या बँडवाल्याने जुना कोट चढवला, पितळी बटणांचा, आणि गच्चीवर उभं राहून वाजवायला सुरुवात. मी खालून म्हटलं, अहो, वर ऐकू जातं का? तर म्हणाला, त्यांना नाही गेलं तरी खालच्यांना धीर येतो.

मी फुलीपाशी उभी राहिले. बरं झालं राहिले, कारण एक कुत्रं बरोबर मध्यावर ऐसपैस पसरलं होतं आणि हाकलून हलेना. बिस्किटं दाखवत पार कोपऱ्यापर्यंत न्यावं लागलं. दगडावरची पितळी गोळी मी राखेने घासून ठेवली होती. तू सांगितलं नव्हतंस, पण माणसं बघायला येणार म्हटल्यावर भांडं घासायला कोणी सांगावं लागतं का?

लोक विचारतात, तुमचा भाचाच वर होता ना? मी म्हणते, हो, तोच. शाळेतून पळालेला तोच. आता सगळे म्हणतात, ह्या बाईच्या दगडावर आपली घरं येणार. काल दुकानात मला रांगेत पुढे जाऊ दिलं. मी गेले.

मला माळावर घर कशाला हवंय ते तुला म्हणून सांगते. सपाट टेबल हवंय. सरळ शिवण घालायला सपाट जागा लागते, दुसरं काही नाही. आणि अंगणात पाय टाकण्याआधी विचार करायला लागू नये, एवढंच.

पोटात काही खाऊन उडत जा.

आत्या


२० मार्च

आत्या,

खाऊन उडू नये, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पिशवीत ओकायचं, पिशवीचं तोंड बांधायचं आणि पडद्यावरची नजर काढायची नाही. कॅप्टनबाई लवंग चघळत पुढे बसतात. सगळ्याला एकच उत्तर, ‘बघू’. वारं वाढलंय. बघू. मला मळमळतंय. बघू.

आधी आकाशात मोठे मोठे आठ काढावे लागतात, तुझ्या पाटीवर तू काढायला लावायचीस तसे. त्याशिवाय पेटीला आपण कुठे आहोत ते उमजत नाही. मग गावावर पट्टे ओढायचे. जायचं, वळायचं, यायचं, आणि प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवायचा, मध्ये फट राहता कामा नये. मी मागून ओरडतो, डावीकडे थोडं. त्या काहीच बोलत नाहीत, पण विमान डावीकडे सरकतं. त्या दिवशी पट्ट्याच्या मधोमध एक बगळा आमच्या बरोबरीने उडत होता. आत्या, बगळा उडताना मान दुमडतो हे मला माहीतच नव्हतं, इतकी वर्षं मी त्याला सरळ मानेचा समजत होतो. त्याच्याकडे बघताना मला फट सुटलेली दिसली नाही आणि तो पट्टा परत ओढावा लागला. कॅप्टनबाई म्हणाल्या, ‘बगळा का?’ म्हटलं, हो. त्या दिवसभरातलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं.

तू दिसलीस. फुलीशेजारी निळा ठिपका. कुत्रं नव्हतं.

आता ते सगळे ठिपके चाळणीकडे गेलेत. चाळणी म्हणजे आमच्या कार्यालयातला पडद्यासमोर बसणारा माणूस. त्याचं काम जमिनीवरचं सगळं गाळून टाकायचं. झाडं गाळतो, खांब गाळतो, गाड्या गाळतो, घरंही. शेवटी नुसती उघडी जमीन राहते. ती जुन्या नकाशावर ठेवली की झालं. तुझं घर त्याने माझ्यासमोर पुसलं. रागावू नकोस, त्याच्याखालचं बघायचं तर ते पुसावंच लागतं.

महिन्याभरात निकाल येईल. आत्या, मी आयुष्यात काही पूर्ण केलं नाही असं तू म्हणायचीस ना! हे झालं बघ. टेबल कुठल्या खिडकीखाली ठेवायचं ते ठरवून ठेव.

भिंगरी


२ मे

भिंगरी,

कचेरीची नोटीस लागली. सलूनच्याच भिंतीवर लावली, भेगेशेजारी. विमानाच्या मापाप्रमाणे गावाची जमीन जुन्या नकाशाशी जुळते, गाव स्थिर आहे, स्थलांतराची गरज नाही. दोन-तीन जागी किरकोळ खचलंय, ते ज्याचं त्याने बघून घ्यावं.

मी तीनदा वाचली. मग आपला चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचली.

नोटीस लागली त्याच आठवड्यात बँडवाल्याची मागची खोली गेली. तो दूध आणायला गेला होता. परत आला तर पुढचं दार होतं, दारातून आत गेल्यावर मागे उजेड दिसत होता. खोलीच्या जागी खड्डा. कपाट, कोट, वाद्य, सगळं त्यात. तो दुधाचं भांडं हातात घेऊन तसाच उभा. मी म्हटलं, अहो, भांडं तरी खाली ठेवा. तर म्हणाला, कुठे ठेवू?

आता सलूनमध्ये झोपतो, गिऱ्हाइकांच्या बाकावर.

तुझ्यावर कोणी काही बोललेलं नाही. बोलत नाहीत, हेच. दुकानात मी परत मागे उभी राहते.

मला समजेल अशा शब्दांत सांग, तुम्ही वरून काय मोजलंत? माझी रिळं खोटं बोलतात का?

आत्या


११ मे

आत्या,

पत्र मिळालं. बँडवाले काकांचं वाचून वाईट वाटलं, त्यांना माझा नमस्कार सांग. मापाचं काय, मशीन आहे, थोडंफार इकडेतिकडे होतं, मी बघतो काय ते. चौकशी चालू आहे.

इथे धावपट्टीवर कावळे फार झालेत. त्यातला एक लंगडा आहे, तो विमानाच्या चाकाखाली आक्रोड ठेवतो आणि बाजूला जाऊन बसतो. विमान गेलं की फुटलेला आक्रोड खातो. कॅप्टनबाईंनी त्याला पगारी करायला सांगितलंय. दुसरे कावळे त्याच्याकडून शिकत नाहीत, नुसते त्याचा आक्रोड पळवायला बघतात, मग तो त्यांना रिकामं टरफल दाखवून दुसरीकडे नेतो आणि मागच्या मागे येऊन खरा आक्रोड उचलतो. इतकी अक्कल कुठून येते कोण जाणे. उकाडा वाढलाय. तू जप.

भिंगरी


१७ मे

तू अर्धं पान कावळ्यावर लिहिलंस. तू पाखरांवर लिहायला लागलास की काहीतरी दडवत असतोस, लहानपणी पावशेर साखर सांडलीस तेव्हा मला चिमणीचं घरटं दाखवत होतास.

काय झालंय?

आत्या


२४ मे

आत्या,

सांगतो. मध्ये काही आणणार नाही.

नोटिशीनंतर चाळणीने मला त्याच्या पडद्यापाशी बोलावलं. म्हणाला, ‘काय रे, डोंगर वाढतात का कधी?’ मी म्हटलं, पाऊस चांगला झाला असेल. तो हसला नाही. त्याने दाखवलं. तुमचं गाव जिथल्या तिथे आणि गावाच्या कडेचे सगळे डोंगर हातभर वर आलेले. सगळे एकसारखे, कोणी कमी नाही, जास्त नाही.

मी पडद्यावर बोट ठेवून एकेक डोंगर मोजला. मग तोच म्हणाला, ‘डोंगर कुठे जातात! खिळा खाली गेलाय.’

आत्या, तुझ्या दारातला दगड गावाबरोबरच खाली बसलाय. जुन्या बुकात त्याची पूर्वीची उंची आहे, आम्ही ती खरी धरली आणि सगळा नकाशा त्याच्यावर टांगला. दगड खचलेला, गाव तितकंच खचलेलं, दोघं हातात हात घालून उतरलेले. मग दगडाच्या मानाने गाव हललेलं दिसणार कसं? जे हललं नाही तेच वर गेलेलं दिसलं. म्हणून साहेब मला कातळावर पाठवत होते. कातळ खाणीच्या बाहेर आहे, त्याच्याखाली पोकळ नाही. खूण खचणाऱ्या जागेत करायची नाही, हे या कामातलं पहिलं वाक्य. मी ते ऐकलं होतं. मला चढ नको होता आणि तुझं जेवण हवं होतं.

चाळणीने डोंगराचं साहेबांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, झाडीखालचं जुनं माप कुठे एवढं नेमकं असतं, चूक असेल, नकाशाची कड कापून टाक. कड कापली. डोंगर गेले. कचेरीला गेला तो नुसत्या गावाचा नकाशा.

मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, आता ते काम संपलं.

पण एक होऊ शकतं. पुढच्या महिन्यात आम्ही पलीकडच्या जंगलावर उडणार आहोत. परतीची वाट तुमच्यावरून वळवता येते. कातळावरच्या खिळ्याभोवती चुन्याची फुली असेल आणि आम्ही कातळापासून गावापर्यंत मोजकेच पट्टे ओढले, तर खरं माप हातात येईल. कॅप्टनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘बघू’, पण लवंग थुंकून म्हणाल्या.

मी तिथे पोचू शकत नाही, मला विमानात बसावं लागेल. फुली कोण मारणार?

गावात सांगू नकोस. शिव्या पत्राने दे.

भिंगरी


६ जून

भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी बाहेर गेले आणि दगडावर बसले. तुला कधी बसू दिलं नाही आणि स्वतःही कधी बसले नव्हते. बराच वेळ बसले. बसायला बरा आहे.

इतके दिवस मी त्याला रोज घासत होते. तो लकाकायचा आणि मला वाटायचं, हा आपली बाजू मांडतोय.

शिव्यांचं नंतर. आधी फुली.

चुन्याची बादली मला एकटीला उचलणार नाही, म्हणून बँडवाल्याला बरोबर घेतलं. त्याला सगळं सांगावं लागलं. तो तुझ्यावर चिडला नाही. म्हणाला, पोरगं आहे, भूक लागते. मला जास्त चिडायला झालं त्याच्यावर.

चढ अर्धा झाला आणि तो एका दगडावर टेकला. म्हणे, बाई, तुम्ही व्हा पुढे, मी इथेच राहतो. म्हटलं, राहा, वरून विमानाला तुमचीही उंची मिळेल. मग हसला आणि उठला. खिळा शेवाळाखाली होता. पायाने, हाताने, शेवटी माझ्या कात्रीने खरवडला. माझी कपड्याची कात्री आहे ती, तिची धार गेली, तेवढं लक्षात ठेव. फुली मी काढली, त्याने सरळ आहे का ते लांबून बघितलं. डावा हात थोडा वाकडा आलाय, पण कातळ सपाट होता, भिंगरी. इतकी सपाट जागा मी कधीपासून बघितली नव्हती. बादली ठेवली तर तिच्यातला चुना चारी बाजूंनी काठाला सारखाच लागला.

गावात सांगू नका म्हणून त्याला शपथ घातली होती. खाली पोचेपर्यंत त्याने सलूनवाल्याला सांगितलं, आणि सलूनवाल्याला सांगितलं म्हणजे राहिलं कोण? परत सगळे गच्च्या झाडायला लागलेत.

ये लवकर.

आत्या


३ जुलै
नवा पत्ता पाकिटामागे

आत्या,

आम्ही येऊन गेलो ते तू बघितलंसच. जंगल संपलं आणि कॅप्टनबाईंनी विमान वळवलं. आठ काढले. कातळ दिसला. तुझी फुली वरून काय दिसत होती म्हणून सांगू! डावा हात वाकडा आहे खरा. पट्टे ओढले, एकही फट नाही, मी कुठल्याही पाखराकडे बघितलं नाही. खाली सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. सलूनवाला पांढरी चादर हलवत होता. शेवटचा पट्टा संपल्यावर कॅप्टनबाईंनी पंख हलवले. त्या असं कधी करत नाहीत.

चाळणीने जेवणाच्या सुट्टीत सगळं गाळून दिलं. डोंगर जाग्यावर आहेत. गाव खाली आहे. तुझा दगड हातभर खाली आहे, आणि बँडवाल्यांच्या मागच्या बाजूला तर ठिपके पोचले तिथून परतच आले नाहीत.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो.

‘हे माप कोणी मागितलं?’
‘कोणी नाही.’
‘उड्डाणाची परवानगी?’
‘नाही.’
‘मग हे माप नाही.’

मी म्हटलं, साहेब, आकडा बरोबर आहे. ते म्हणाले, बरोबर आहे ते मला दिसतंय की. तेच तर. हा खरा धरला तर पहिला आपणच चुकवला असं होतं, आणि मग आपल्याला परत कोण बोलावणार? ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला चहा दिला. चांगला होता चहा.

मी कचेरीत स्वतः गेलो. खिडकीतल्या बाईंनी कागद उलटून बघितला, म्हणाल्या, शिक्का नाही. म्हटलं, बाई, तिथे माणसं राहतात. त्या म्हणाल्या, इथेही उभी राहतात. मागे बघितलं तर खरंच रांग होती.

कॅप्टनबाईंना जमिनीवर बसवलंय. उड्डाण बंद. निरोप घ्यायला गेलो तर अंगणात टोपलीत लवंगा निवडत होत्या. म्हटलं, माझ्यामुळे झालं. म्हणाल्या, ‘वळवलं मी.’ मग म्हणाल्या, ‘तुझ्या आत्याला सांग, फुली चांगली होती.’

मला पण काढलं. पण अशी ओकत ओकत काम करायला तयार असलेली माणसं कमी आहेत, त्यामुळे दुसऱ्या एका कंपनीने लगेच घेतलं. जंगलाचंच काम. ऑगस्टमध्ये आमची वाट तुमच्यावरून जाईल. पेटी बंद असेल, नुसतंच जाणं. पण मी नव्या पायलटला पंख हलवायला सांगेन, म्हणजे तुला कळेल की मी हे सोडलेलं नाही. कुठेतरी कोणीतरी शिक्का देईलच. मी शोधतो.

कात्री घेऊन येईन.

भिंगरी


२९ ऑगस्ट

भिंगरी,

पंख हलले. बघितले.

सलूनवाला भावाकडे जायला निघाला होता. खुर्च्या उलट्या करून दोरीने बांधल्या होत्या, आरसा चादरीत गुंडाळला होता, टेम्पो दुपारी यायचा होता. तेवढ्यात तुझं विमान आलं. तो बाहेर आला, वर बघितलं, पंख हलताना बघितले आणि म्हणाला, अजून चालू आहे म्हणजे त्यांचं! मी सांगितलं, नाही हो, ते नुसतं जातंय. तर म्हणाला, बाई, नुसतं जाणारं विमान पंख हलवतं का? टेम्पो परत पाठवला. आरसा पुन्हा टांगला, भेग झाकेल असा. म्हणतो, एवढं थांबलो, आणखी थोडं थांबतो.

पंख तर तूच हलवलेस.

बँडवाला मुलीकडे गेला. जाताना रिकामे हात कुठे ठेवायचे ते त्याला समजत नव्हतं, शेवटी पाठीमागे धरून गेला. मुलीचं पत्र आलंय. खुर्चीत बसतो, म्हणे, आणि जेवायला हाक मारली की विचारतो, खाली जमीन आहे ना?

आणि मागच्या आठवड्यात कचेरीची माणसं आली होती. मला वाटलं, तुझा कागद कुठेतरी लागला. घाईघाईने त्यांना चहा केला. त्यांनी दगडाभोवती लोखंडी कुंपण घातलं, फुलीवर नवा रंग मारला आणि पाटी लावली. मोजणीची स्थिर खूण, हात लावू नये. मी त्यांना सांगितलं, बाबांनो, हा दगड खाली गेलाय. त्यांच्यातला मोठा समजूतदार होता. म्हणाला, आजी, इथली हीच एक खूण विमानाच्या मापाने तपासलेली आहे. पुढचं माप पण ह्याच्यावरूनच घेणार. आणि कुंपणाच्या आत कोणाला येऊ द्यायचं नाही अशी ताकीद आहे, पण तुम्ही रोज पुसता असं ऐकलं, तर पुसत जा.

मी पुसत नाही. फडकं तिथेच कुंपणावर टाकलंय.

रिळंही उचलत नाही. टेबलच ओढून त्या कोपऱ्यात नेलंय, जिथे ती जातात. शिवण वाकडी येते. ज्यांचं शिवते ते काही म्हणत नाहीत, त्यांच्याकडेही सगळं वाकडंच आहे.

तू शिक्का शोधतोयस. शोध, तुला थांबवून तू थांबणार थोडाच. पण इथे एक कर. वरून जाऊ नकोस. गेलास तरी सरळ जा, पंख हलवू नकोस. तुला वाटतं तू मला दिसतोस. मला दिसतोस, पण लोकांना आशा दिसते, आणि ते बांधलेलं सामान परत सोडतात.

यायचं असेल तर पायी ये. पायी येणाऱ्याकडे कोणी मान वर करून बघत नाही. कुंपण फार उंच नाही, ओलांडता येईल.

या वेळी दगडावर बसू देईन.

आत्या